शाळेची सक्ती आणि आजारी मूल

(राहू, ता. दौंड येथे कार्यकर्ते व शिक्षक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली प्राथमिक शिक्षण संस्थानभर सक्तीचे केले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९०९ साली, बडोदे शहरात शाळेतील मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. हिंदुस्थानातील अशा प्रकारची ही पहिली तपासणी, असे आरोग्यशास्त्राची पाठ्यपुस्तके सांगतात. ही दोन साले निरनिराळ्या विषयांच्या पुस्तकांत आढळतात. ती एकत्र वाचावयास हवीत. मूल घरी असते तोवर त्याच्या प्रकृतीची काळजी आईबापांनी वाहावी, हे ठीकच आहे. परंतु कायद्याच्या बळावर सरकार ते मूल घरातून आणते व दिवसाचे पाच-सहा तास आपल्या छपराखाली बसविते, तेव्हा तेवढ्या तासांपुरती आईबापांची जबाबदारीही सरकारने उचललेली असते. इंग्लंडात १८८० साली शाळा सक्तीची झाली आणि शालेय वैद्यकीय तपासणीचा कायदा व्हावयास १९०७ साल उजाडले. म्हणजे ही साधी गोष्ट उमजावयास तिकडे सत्तावीस वर्षे लागली. भारतात शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. सक्ती आली, तिच्या पाठोपाठ यावयाचे कर्तव्य मात्र अद्याप वाटेतच आहे.

येथे विचार करावयाचा आहे तो गोवर-कांजिण्यांसारख्या येऊन जाणाऱ्या आजारांचा नव्हे. जे आजार मुलाबरोबर रोज शाळेत येतात आणि रोज त्याच्याबरोबर घरी जातात, त्यांचा आहे. पहिल्या प्रकारचा मधुमेह, दमा, अपस्मार म्हणजे ज्याला लोक फिट किंवा फेफरे म्हणतात तो विकार, विदर्भ-खानदेशातील आदिवासी भागांत आढळणारा सिकलसेल, थॅलसेमिया, हिमोफिलिया, संधिवाताच्या तापाने जडलेला हृदयविकार. या मुलांचे एक दुर्दैव असे की ती चारचौघांसारखीच दिसतात. पायाने अधू असलेल्या मुलाकडे निदान लक्ष तरी जाते. त्याच्यासाठी उतरता चढ बांधावा हे शासनास पटले आहे. दमेकरी मूल जोवर धापा टाकीत नाही तोवर ते निरोगी, आणि टाकू लागले की ते सोंगाडे! अपंगांच्या हक्कांसंबंधीच्या २०१६ च्या कायद्याने एकवीस प्रकार मान्य केले. त्यांत सिकलसेल, थॅलसेमिया व हिमोफिलिया यांना स्थान मिळाले, ही चांगलीच गोष्ट झाली. मधुमेह आणि दमा यांना त्या यादीत जागा नाही. अपस्माराचाही तेथे वेगळा उल्लेख नाही.

राहूसारख्या गावी हा विषय मांडण्यात एक विचित्र औचित्य आहे. मुळा-मुठा आणि भीमा या नद्यांमधल्या या पट्ट्याला लोक राहू बेट म्हणतात. हे उसाचे आगर आहे. तालुक्यात ठायी ठायी गुऱ्हाळे आहेत, पाटसला साखर कारखाना आहे. अशा गोडाच्या मुलखात एखाद्या शाळेत एखादे मूल रक्तातील साखर उतरल्यामुळे घामाने डबडबते, हातपाय थरथरू लागतात, ते असंबद्ध बोलू लागते. आणि भोवतालच्या चाळीस जणांपैकी एकालाही त्याला चमचाभर साखर द्यावी असे सुचत नाही. उलट कोणी देऊ लागले तर दुसरा त्याचा हात धरतो, कारण मधुमेह म्हणजे गोड वर्ज्य, एवढे एकच सूत्र सर्वांना पाठ असते. मूल अशा रीतीने बेशुद्ध पडावे याला वैद्यकशास्त्राचा दुबळेपणा कारण नाही. औषध गावात पोत्यांनी आणि ढेपांनी पडून आहे; ते केव्हा द्यावे हे सांगणारे कोणी शाळेत नाही.

हा पहिल्या प्रकारचा मधुमेह पोक्त माणसांच्या मधुमेहाहून निराळा आहे. शरीराची संरक्षक यंत्रणाच चुकून स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशींचा नाश करते. मुलाने पेढे खाल्ले म्हणून किंवा आईने लाड केले म्हणून तो होत नाही. एकदा झाला की दिवसातून तीन-चार वेळा इन्शुलिन टोचावे लागते आणि ते जन्मभर. ते मिळाले नाही तर मूल थोड्याच दिवसांत दगावते. मात्रेच्या मानाने जेवण कमी पडले किंवा धावणे जास्त झाले तर साखर उतरते. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार वीस वर्षांखालील अशा मुलामुलींची भारतातील संख्या दोन लाखांहून अधिक आहे. गावागावांत विखुरल्यावर ही संख्या अर्थातच विरळ होते. एका शाळेत एक मूल, पुढच्या चार शाळांत एकही नाही. मते मोजणाऱ्यांना विखुरलेली माणसे दिसत नाहीत, हा लोकशाहीचा एक जुनाच दोष आहे.

शाळेत या मुलाची देखभाल करावयाची तर खर्च येईल, असे शिक्षण खात्यात नेहमी म्हटले जाते. तो खर्च आजही होतच आहे. फक्त अंदाजपत्रकात दिसत नाही. तो कोण करते? मधल्या सुट्टीत खुरपणी टाकून शाळेच्या पायरीवर येऊन बसणारी आई करते. येणे, मुलाची साखर पाहणे, सुई टोचणे, तो डबा किंवा खिचडी खातो की नाही हे पाहणे आणि पुन्हा शेतावर जाणे, यात रोजचे दोन तास सहज जातात. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेचे दिवस वर्षाला किमान दोनशे. दोनशे दिवसांचे दोन तास म्हणजे चारशे तास; आठ तासांचा दिवस धरला तर पन्नास दिवसांची मजुरी. तीही कागदावरची, कारण दुपारी दोन तास गायब होणाऱ्या बाईला कोणता मुकादम कामावर ठेवील? ती बाई मजुरीतूनच उठते. ज्या घराला हे परवडत नाही तेथे दोनच मार्ग उरतात: दुपारची मात्रा चुकवावयाची, किंवा शाळा चुकवावयाची. पहिल्या मार्गाने डोळे आणि मूत्रपिंडे हळूहळू निकामी होतात, दुसऱ्याने शिक्षण. मुलगी असेल तर दुसरा मार्ग पुष्कळदा आधी सुचतो.

आता याच्या समोर दुसरा आकडा मांडावा. शाळेतील दोन माणसांना एका दुपारी चार तास शिकविले तर ते मनुष्यतास होतात आठ. चारशे आणि आठ! या हिशेबाला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. चारशे तास एका मजूर बाईचे आहेत म्हणून ते फुकट धरले जातात आणि आठ तास शासनाच्या नोकरांचे आहेत म्हणून त्यांची फाईल होते, एवढाच यातला अर्थशास्त्रीय मुद्दा आहे.

शासन या क्षेत्रात काहीच करीत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असे फिरते पथक गाडी घेऊन अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. या पथकांनी हृदयात जन्मतः दोष असलेली, ओठ दुभंगलेली, ऐकू न येणारी असंख्य मुले हुडकून काढली आणि त्यांच्यावर मोफत शस्त्रक्रिया घडवून आणल्या. हे काम मोलाचे आहे. परंतु त्या कार्यक्रमाच्या मूळ तीस विकारांच्या यादीत दमा आहे, झटके येण्याचा विकार आहे, संधिवाताचा हृदयविकार आहे, मधुमेह नाही. आणि जे विकार यादीत आहेत त्यांच्या बाबतीतही पथक येते तो एक दिवस. उरलेल्या एकशे नव्याण्णव दिवसांचे काय? हृदयविकाराच्या मुलाला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन लागते. ते चुकले हे कोणाच्या ध्यानात यावयाचे? रोग शोधणारा सरकारी नोकर आहे, रोगाच्या सोबतीला राहणारा नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये आयुष्मान भारत योजनेखाली शालेय आरोग्याचा आणखी एक कार्यक्रम आला. प्रत्येक शाळेतून एक शिक्षक आणि एक शिक्षिका यांनी आरोग्यदूत व्हावे, प्रशिक्षण घ्यावे आणि आठवड्यातून एक तास मुलांना शिकवावे, अशी त्याची योजना. अकरा विषय ठरले: पोषण, भावनिक स्वास्थ्य, व्यसनमुक्ती, स्त्री-पुरुष समता, इंटरनेटचा सुरक्षित वापर इत्यादी. सगळे विषय आवश्यकच आहेत. पण हे सर्व निरोगी मुलाला निरोगी ठेवण्याचे शिक्षण आहे. जे मूल आधीच आजारी आहे त्याच्यासाठी बारावा विषय नाही. दोन प्रशिक्षित माणसे प्रत्येक शाळेत असावीत हे शासनाने मान्य केलेले आहे, ही मात्र हाती धरून ठेवण्याजोगी गोष्ट आहे. नवी पदे मागावयाची नाहीत, नवे खाते मागावयाचे नाही; त्याच दोघांच्या प्रशिक्षणात एका दुपारची भर मागावयाची आहे.

त्या दुपारी काय शिकवावे? रोगनिदान नव्हे, उपचारही नव्हे. ओळखावयाचे कसे, पहिली दहा मिनिटे करावयाचे काय आणि करावयाचे नाही ते काय, एवढेच. मधुमेही मुलाचे वागणे एकाएकी बदलले, ते चिडले, गळून गेले, घामेजले तर बोटाला सुई टोचून साखर पाहावी. ती सत्तरच्या खाली असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. त्याला एकटे घरी पाठवू नये. एकटे स्वच्छतागृहातही पाठवू नये. बेशुद्ध पडले असेल तर तोंडात काहीही ओतू नये, कुशीवर वळवावे आणि १०८ ला फोन करावा. या मुलाला तासाच्या मध्यात डबा उघडू द्यावा, वारंवार पाणी पिऊ द्यावे, लघवीला जाऊ द्यावे. हे तीनही आजच्या वर्गात बेशिस्तीत मोडतात! कवायतीच्या तासाआधी त्याने काही खाल्ले आहे ना हे पाहावे. आणि हे प्रशिक्षण शाळेत खिचडी शिजविणाऱ्या ताईलाही द्यावे. कारण इन्शुलिन साडेबाराला टोचले आणि गॅस संपल्यामुळे खिचडी दीडला शिजली, तर मधला एक तास त्या मुलाच्या जिवावरचा असतो. एरवी खिचडी उशिरा झाली तर मुले कुरकुरतात, एवढेच. तिला हा फरक कोणी सांगितला तर ती दोन केळी बाजूला ठेवील. तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या या बायकांना शाळेचे कर्मचारी मानावयास शासन नेहमीच नाखूष असते. आजारी मुलाच्या दृष्टीने पाहिले तर त्या शाळेतील सर्वांत महत्त्वाच्या कर्मचारी ठरतात.

फिट आलेल्या मुलाबाबत शिकण्यापेक्षा विसरण्याचे काम अधिक आहे. कांदा हुंगविणे, चप्पल नाकाशी धरणे, हातात किल्ल्यांचा जुडगा कोंबणे, दातांत चमचा घालणे, हातपाय दाबून धरणे हे सर्व विसरावयास हवे. दातांत चमचा घातल्याने दात पडतात, झटका थांबत नाही. आसपासची बाके सरकवावीत, डोक्याखाली दप्तर ठेवावे, मुलाला कुशीवर वळवावे आणि घड्याळाकडे पाहावे. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटांच्या पुढे गेला तर मात्र रुग्णवाहिका. त्यानंतर मुलाला झोपू द्यावे आणि ते झोपले असताना वर्गाला समजावून सांगावे की ही बाहेरची बाधा नव्हे, मेंदूतील विजेचा क्षणिक गोंधळ आहे आणि तो स्पर्शाने लागत नाही. वर्गाला हे त्याच दिवशी सांगितले नाही तर दुसऱ्या दिवशी त्या मुलाशेजारी कोणी बसत नाही.

दम्याची गोष्ट त्याहून सोपी, म्हणूनच तिच्यात होणारी हयगय अधिक संतापजनक आहे. दमेकरी मुलाचा पंप पुष्कळ शाळांत मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद असतो, कारण औषध मुलांच्या हाती देऊ नये असा नियम सर्वांना ठाऊक असतो. मुख्याध्यापक तालुक्याला बैठकीस गेलेले, किल्ली त्यांच्या खिशात आणि मूल श्वासासाठी तडफडते आहे! पंप मुलाच्या दप्तरात हवा. वर्ग झाडण्याची पाळी त्याला देऊ नये. ज्या शाळेशेजारी गुऱ्हाळाचे धुराडे आहे तेथे तर प्रत्येक शिक्षकास या पंपाचा उपयोग ठाऊक असावयास हवा. नंदुरबार-गडचिरोलीकडील आश्रमशाळांत हेच सिकलसेलच्या बाबतीत म्हणता येईल. त्या मुलाला पाणी कमी पडले, थंडी बाधली, अतिश्रम झाले की असह्य वेदनांचा हल्ला येतो. आणि मैदानाला दहा फेऱ्या मारण्याची शिक्षा हा तर आपल्या शाळांचा आवडता उपाय. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झाले आणि मोठ्या प्रमाणावर तपासण्या होऊ लागल्या. तपासणीचे कार्ड मुलाच्या हाती पडते. फेऱ्या मारावयास लावणाऱ्या शिक्षकाच्या हाती काय पडते?

याला शिक्षकांचा आक्षेप असतो आणि तो हसण्यावारी नेऊ नये. शिक्षक म्हणतात, जनगणना झाली, निवडणूक झाली, सर्वेक्षणे झाली, रोजच्या माहितीचे तक्ते झाले. आता परिचारिकेचेही काम करावयाचे काय? शिक्षणहक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामास जुंपण्यास मनाई केली आहे, हे ते दाखवून देतात. कामगारांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या पक्षाने या तक्रारीची बाजू घ्यावयास हवी. परंतु अंशांची बेरीज शिकत असताना समोरच्या मुलाची शुद्ध हरपू नये याची खबरदारी घेणे अशैक्षणिक कसे? तो शिक्षणाचाच पाया आहे. अशैक्षणिक आहे तो तक्ता, जो या खबरदारीच्या जागी शिक्षकाच्या वेळेवर डल्ला मारतो.

शिक्षकांची खरी भीती वेगळीच आहे. काही बरेवाईट झाले तर जबाबदार कोण? फौजदारी कायदा याबाबत शिक्षकाच्या बाजूचा आहे. जीव वाचविण्यासाठी, संमती घेण्यास अवसर नसताना सद्भावनेने केलेली कृती गुन्हा ठरत नाही, हे तत्त्व जुन्या दंड संहितेच्या ९२ व्या कलमात होते आणि भारतीय न्याय संहितेच्या ३० व्या कलमात ते कायम आहे. पण शिक्षक न्यायालयाला भितो त्याहून अधिक खात्याच्या चौकशीला भितो, आणि ही भीती अनुभवातून आलेली असते. म्हणून प्रशिक्षणाबरोबर कागद हवा: प्रत्येक आजारी मुलासाठी एका पानाची योजना, तिच्यावर डॉक्टरची, पालकांची आणि मुख्याध्यापकांची सही, आणि त्या योजनेप्रमाणे सद्भावनेने वागणाऱ्या कर्मचाऱ्यावर खात्याची कारवाई होणार नाही असा स्पष्ट शासन निर्णय. इंग्लंडने २०१४ च्या कायद्याच्या १०० व्या कलमाने आजारी विद्यार्थ्यांची तजवीज करण्याचे बंधन शाळेच्या व्यवस्थापनावर घातले. औषध देण्याची सक्ती मात्र कोणा एका शिक्षकावर केली नाही. हा विवेक घेण्यासारखा आहे. बंधन संस्थेवर असावे, काम स्वेच्छेने पुढे येणाऱ्याने करावे, आणि कोणीच पुढे आले नाही तर माणूस पुरविणे ही संस्थेची जबाबदारी ठरावी.

स्वेच्छेने पुढे येणारा पुष्कळदा शिपाई असतो. तो गावचा असतो, मुलाचे घर त्याला ठाऊक असते, त्याची बदली होत नाही. घंटा वाजविणारा, फाटक सांभाळणारा हा माणूस शाळेतील प्रत्येक मुलाला दिवसातून चार वेळा पाहतो. ११ डिसेंबर २०२० च्या निर्णयाने महाराष्ट्र शासनाने खासगी अनुदानित शाळांतील चतुर्थश्रेणीच्या नियमित पदांऐवजी शिपाई भत्ता देण्याची पद्धत आणली. भत्त्यावर आज एक आणि उद्या दुसरा माणूस येणार. त्यातल्या कोणाला शिकवावयाचे? काटकसर वेतनाच्या रकान्यात दिसते. तिची किंमत मात्र कोणत्याच रकान्यात लिहिली जात नाही.

अशिक्षित किंवा अल्पशिक्षित माणसांना वैद्यकीय गोष्टी शिकविता येत नाहीत, हा आक्षेप निदान महाराष्ट्रात तरी कोणी घेऊ नये. या भागापासून दूर नसलेल्या, शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले आणि गावातल्याच साध्या स्त्री-पुरुषांना आरोग्यसेवेचे शिक्षण दिले. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातील बायकांना हेच शिकविले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तर एकोणचाळीस गावांतील आरोग्यदूत स्त्रियांना नवजात बालकास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देण्याचे शिक्षण दिले. तिसऱ्या वर्षी त्या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेने बासष्ट टक्क्यांनी उतरले, हे १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. गडचिरोलीतील थोड्याच यत्ता शिकलेली बाई चार दिवसांच्या अर्भकास सुरक्षितपणे सुई टोचू शकते. मग पदवीधर शिक्षकास दहा वर्षांच्या मुलाची बोटाची सुई झेपत नाही, असे म्हणणे हा त्या शिक्षकाचाच अपमान नव्हे काय?

इन्शुलिनचा इतिहासही येथे आठवावा. १९२१ साली टोरांटोत त्याचा शोध लागला आणि जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाला ते प्रथम टोचण्यात आले. म्हणजे पहिला रोगी शाळकरी वयाचाच होता. शोधकर्त्यांनी १९२३ साली त्याचे हक्क प्रत्येकी एका डॉलरला टोरांटो विद्यापीठाच्या स्वाधीन केले. हे औषध कोणाच्या नफ्याची मक्तेदारी होऊ नये ही त्यामागील भूमिका होती. पुढे शतकभरात त्याचे काय झाले हे औषधाच्या दुकानात जाणाऱ्या प्रत्येक बापाला ठाऊक आहे. शाळांना मधुमेहाविषयी शिकविण्याचा एक आंतरराष्ट्रीय उपक्रम २०१३ साली भारतात आणि ब्राझीलमध्ये सुरू झाला, तोही इन्शुलिन विकणाऱ्या एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या सहभागाने. त्यातील साहित्य उपयुक्त आहे आणि ते वापरण्यास हरकत नसावी. पण मुलांना शाळेत आणणे शासनाने करावे आणि त्या मुलांना जिवंत कसे ठेवावे हे औषधविक्रेत्याने शिकवावे, ही श्रमविभागणी कोणत्या न्यायाची?

सरकारे हलत नाहीत असेही नाही. केरळने २०१८ च्या सुमारास 'मिठाई' या खोडकर नावाची योजना काढून मधुमेही मुलांना इन्शुलिन व उपकरणे देण्यास सुरुवात केली. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२३ साली सर्व राज्यांना कळविले की अशा मुलांना वर्गात साखर तपासण्याची, इन्शुलिन घेण्याची, मधल्या वेळी खाण्याची आणि परीक्षागृहात ही साधने नेण्याची मुभा असावी. उत्तर प्रदेशाने त्याच वर्षी आपल्या शाळांना तसे निर्देश दिले. मात्र या पत्रांत एक उणीव आहे. ती मुलाला परवानगी देतात, मोठ्या माणसाला काम देत नाहीत. बारा वर्षांचा मुलगा परवानगी मिळाल्यावर स्वतः टोचून घेईल. सहा वर्षांच्या मुलीने काय करावे?

मुलीचा उल्लेख निघाला म्हणून एक अवघड गोष्ट सांगावयास हवी. पुष्कळ घरे मुलीचा मधुमेह किंवा फिट शाळेला कळवितच नाहीत. उद्या लग्न जमावयाचे आहे. शाळेला कळले की गावाला कळले. या पालकांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण त्यांचा तर्क गावाच्या स्वभावाला धरूनच असतो. म्हणून प्रशिक्षणाचा निम्मा भाग तोंड बंद ठेवण्याचा असावयास हवा. वर्गशिक्षक, ते दोन प्रशिक्षित कर्मचारी आणि खिचडीची ताई यांच्यापलीकडे पालकांच्या संमतीवाचून नाव जाऊ नये. परिपाठाच्या वेळी सहानुभूतीचे भाषण तर मुळीच होऊ नये. शाळेने एका मुलीचे गुपित नीट राखले तर पुढल्या वर्षी दुसऱ्या मुलीची आई आपण होऊन येऊन सांगेल.

कार्यकर्त्यांनी यासाठी मुंबईच्या निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती आहे. तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असा कायदा आहे. शाळेचा विकास आराखडा तयार करण्याचा अधिकार याच समितीला आहे. राहू, वाळकी, पिंपळगाव, टाकळी भीमा येथील समित्यांनी जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी आराखड्यात दोन ओळी घालाव्यात: साखर तपासण्याचे यंत्र साधारण हजार रुपयांत येते, ते घ्यावे, आणि केंद्रातील शिक्षकांची जी मासिक शिक्षण परिषद भरते तिच्यातील एक दुपार आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना द्यावी. त्या दुपारी शिपाई आणि खिचडीच्या ताईंनाही बोलवावे आणि त्यांचा त्या दिवसाचा खाडा धरू नये. शिकविणाऱ्यांत एखाद्या जाणत्या आईला बसवावे. चारशे तासांचा अनुभव तिच्याइतका कोणत्याही डॉक्टरकडे नसतो.

एक प्रश्न तरीही उरतो आणि तो या भागाचाच आहे. दिवाळीनंतर ऊसतोडणीचा हंगाम भरात येतो आणि बीड, अहिल्यानगर, जळगावकडील टोळ्या फडावर उतरतात. त्यांच्याबरोबर येणारी मुले नोव्हेंबरात कोठल्याशा शाळेत बसतात आणि मार्च-एप्रिलात निघून जातात. जूनमध्ये झालेल्या तयारीला त्यांची नावे ठाऊक नसतात. त्यांतील एखादे मूल मधुमेही असेल तर त्याचे इन्शुलिन कोपीत राहते. तेथे वीज नाही, शीतकपाट नाही. ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात बाटली ठेवली तर ती बऱ्यापैकी टिकते, पण पहाटे फडावर गेलेली आई मडक्यावरची वाळू दुपारी पुन्हा ओली करावयास कोठून येणार? ती बाटली शाळेच्या माठाशेजारी राहू शकते. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड देण्याची पद्धत महाराष्ट्रात आहेच. मूल कोणत्या यत्तेत होते हे त्यावरून नव्या शाळेला कळते. त्याच कार्डाला जोडून ते एका पानाचे आरोग्यपत्रकही गावच्या शाळेने द्यावे, आणि टोळी उतरते त्या आठवड्यात कार्यकर्त्यांनी फडावर जाऊन कोपीकोपीत ते विचारावे.